छंद, नाद आणि वेड

आसक्तीसाठी मराठीत जे शब्द आहेत, त्यांतले तीन थोडे थांबून पाहण्यासारखे आहेत : छंद, नाद आणि वेड. छंद म्हणजे आवड, आणि छंद म्हणजे पद्यरचनेतली अक्षर-मात्रांची शिस्तही. नाद म्हणजे व्यसन, आणि नाद म्हणजे ध्वनीही. पोराला कसला तरी नाद लागला असे घरचे म्हणतात, तेव्हा त्या तक्रारीत कानाशी आलेल्या आणि तिथेच राहिलेल्या एखाद्या आवाजाची नकळत दिलेली कबुली असते. या दोन शब्दांतला श्लेष अभ्यासकाला सुखावणारा आहे. तिसऱ्यातला तसा नाही. वेड हा शब्द कौतुकाने मोठ्याने उच्चारला जातो आणि दार लावून हलक्या आवाजातही. एका इंग्रजी रॉक बँडच्या मागे आमची चौदा ते बावीस या वयाची वर्षे गेली. त्या काळात हे तीनही शब्द आमच्याविषयी वापरले गेले, आणि याच क्रमाने. त्या बँडचे नाव पिंक फ्लॉइड.

येथील ‘आम्ही’ हे आदरार्थी किंवा संपादकीय बहुवचन नव्हे. आम्ही खरोखरच दोघे आहोत. दोघेही अमरावतीत वाढलो, एका वर्गात शिकलो, मराठी घेऊन एम. ए. झालो आणि आज विदर्भातल्या दोन महाविद्यालयांत मराठी शिकवतो. त्या वर्षांत मात्र आम्ही तिघे होतो. तिसऱ्याचे नाव येथे दिलेले नाही. या लेखापुरते त्याला ‘तिसरा’ एवढेच म्हटले आहे. तो साहित्याचा विद्यार्थी नव्हता. तो तबला वाजवत असे.

१

१९९४ साली, आम्ही नववीत असताना, तिसऱ्याचा पुण्याला शिकणारा मावसभाऊ सुट्टीत आला आणि जाताना एक कॅसेट विसरून गेला. नव्वद मिनिटांची, दुकानातून भरून घेतलेली कॅसेट. तिच्यावर बॉलपेनने फक्त ‘पी. एफ.’ अशी दोन अक्षरे लिहिलेली होती. सरकारी नोकरीतल्या घरांत या अक्षरांचा अर्थ एकच होता, त्यामुळे भविष्य निर्वाह निधीची कॅसेट कशी निघाली हा प्रश्न आम्हांला काही काळ पडला होता.

त्या कॅसेटच्या एका बाजूला ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) होता आणि दुसऱ्या बाजूला ‘विश यू वेअर हिअर’ (१९७५). पहिला सुमारे त्रेचाळीस मिनिटांचा, दुसरा चव्वेचाळीसचा. म्हणजे पंचेचाळीस मिनिटांच्या बाजूत एकेक अल्बम नेमका बसे. या योगायोगाचा एक परिणाम पुढे पुष्कळ वर्षांनी आमच्या ध्यानात आला. मूळ तबकडी मध्ये उलटावी लागते. ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ या गाण्याचा आवाज विरत जातो, पहिली बाजू संपते, श्रोता उठतो, तबकडी उलटतो आणि मग नाण्यांच्या खणखणाटाने ‘मनी’ सुरू होते. आमच्या प्रतीत हे उठणे नव्हते. मृत्यूविषयीचे गाणे संपताच गल्ल्याचा आवाज कानावर येई, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नसे. मरण आणि पैसा यांचा हा असा सलग संबंध आमच्या प्रतीनेच निर्माण केला होता, आणि तो आम्हांला फार अर्थपूर्ण वाटे. पाठभेद हा शब्द तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हता. पण आमच्या हाती होता तो एक पाठच होता.

शब्दांच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरे आहे. आमच्या पिढीला मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून होते. नववीतल्या मुलाची चार वर्षांची इंग्रजी, आणि समोर लंडनचे उच्चार. प्रत्येकाने दोनशे पानी वही केली होती. रविवारी दुपारी एकेक ओळ ऐकायची, कॅसेट मागे न्यायची, पुन्हा ऐकायची आणि एकमेकांना न दाखवता जे ऐकू आले ते लिहायचे. मग तिन्ही वह्या शेजारी ठेवायच्या. जिथे तिघांचे जुळे ती ओळ सिद्ध. जिथे दोघांचे जुळे तिथे तिसऱ्याचे समासात. तिघांचे तीन निघाले तर वाद, आणि वाद मिटला नाही तर तिन्ही ओळी एकाखाली एक. व्याकरणाच्या आधारे, आधीच्या ओळीच्या आधारे, यमकाच्या आधारे, आणि काही वेळा निव्वळ आवाज चढवून आम्ही आमचा पाठ पुढे रेटत असू.

पुढे एम. ए.ला ‘लीळाचरित्र’ शिकताना मूळ पोथी स्वारीत नष्ट झाली, अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा रचली आणि त्यातून तिचे निरनिराळे पाठ निर्माण झाले, ही परंपरेने सांगितलेली हकीकत वर्गात आली, तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. पाठचिकित्सेचा तो तास वर्गातल्या अनेकांना रूक्ष वाटला. आम्हांला तो आमच्या रविवारच्या दुपारींविषयीचा वाटला. १९९९च्या सुमारास शहरात सायबर कॅफे आले आणि तासाला ठरावीक पैसे मोजून आम्ही अधिकृत शब्द कागदावर छापून आणले. त्या कागदांनी वह्यांमधले बहुतेक वाद मिटवले. ते मिटल्याचा आनंद झाला असे मात्र म्हणता येणार नाही. संहिता हाती आली आणि तिघांनी एकत्र बसण्याचे एक कारण संपले.

छंद या शब्दाचा दुसरा अर्थ तिसऱ्याने दाखवला. ‘मनी’ या गाण्याचे वेगळेपण आम्हांला जाणवत होते; पण ते नेमके कशात आहे ते सांगता येत नव्हते. नाणी, गल्लायंत्र, फाटणारा कागद असे आवाज ध्वनिफितीवर मोजून जोडलेले, आणि त्यावर रॉजर वॉटर्सचे बेस गिटार. तिसऱ्याने बाकावर बोटे ठेवली आणि दोन आवर्तनांत सांगितले, “सात मात्रा आहेत. रूपक.” रॉक संगीताचा सर्वसाधारण डोलारा चार मात्रांवर उभा असतो, हे गाणे सातावर चालते. सॅक्सोफोनही सातावरच वाजतो. गिटारचा मोठा तुकडा येतो तेव्हा गाणे चारावर उतरते, आणि तो तुकडा संपला की पुन्हा सातावर जाते. ही जागा आली की तिसरा डोळे मिटून हात वर धरत असे, आणि सात परत आले की खाली आणत असे. वृत्त बदलले की अर्थ बदलतो हे आज आम्ही वर्गात सांगतो. वर्गात ते सांगताना उदाहरणे अर्थातच मराठी कवितेची देतो. पण ते आम्हांला पहिल्यांदा कळले ते त्या वर-खाली होणाऱ्या हातावरून.

हे सगळे परकीय आहे, आपले नाही, असे आम्हांला सांगणारे अनेक होते. त्यांना द्यायला तेव्हा उत्तर नव्हते. पुढे वाचनात आले की अरुण कोलटकर पखवाज शिकत होते आणि त्यांनी इंग्रजीत गाणीही रचली होती. आपले आणि परके यांची वाटणी आपल्या श्रेष्ठ कवींनीही इतक्या काटेकोरपणे केलेली नव्हती, एवढा दिलासा त्यातून मिळाला.

२

छंदाला घरच्यांची हरकत नसते. वहीत काही तरी लिहितात, इंग्रजी सुधारेल, असे म्हणता येते. दहावीच्या आसपास त्या शब्दाची जागा दुसऱ्या शब्दाने घेतली. “पोट्टे नादी लागले,” असे तिन्ही घरांत एकमताने ठरले.

नाद म्हणजे काय होते ते सांगायला हवे. शाळेतून आल्यावर एक बाजू, झोपताना दुसरी. टू-इन-वनचे सेल उतरले की गाणी हळूहळू मंद्र सप्तकात जात. ती तशीही ऐकायची. फीत गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची, तुटली की नखाएवढी चिकटपट्टी लावून जोडायची. मग त्या जागी एक अक्षर कायमचे गेलेले असे आणि आम्ही ते तोंडाने भरून काढत असू. अलाहाबादहून १९९३पासून निघणारे ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ कुणाकडे तरी आले की ते तीन घरांत फिरे. पुढे ‘ॲनिमल्स’ (१९७७) आणि ‘द वॉल’ (१९७९) मिळाले. त्यांच्या मूळ वेष्टनांची चित्रे आम्ही कॅसेटच्या अंगठ्याएवढ्या कागदावर भिंग धरून पाहिली. ‘विश यू वेअर हिअर’च्या वेष्टनावर दोन माणसे हस्तांदोलन करतात आणि त्यांतला एक पेटलेला असतो, तो जळत असताना दुसरा हात का सोडत नाही, यावर आम्ही एक पावसाळा काढला.

बहुतेक चाहत्यांप्रमाणे आमच्यातही पंथ पडले. रॉजर वॉटर्स १९८५मध्ये बँडमधून बाहेर पडला, बँडचे नाव कुणी वापरायचे यावरून वाद कायद्याच्या पातळीवर गेला आणि १९८७च्या अखेरीस तो मिटला. आम्हांला हे कळले तेव्हा ती तडजोड होऊन दशक उलटत आले होते; तरी आम्ही भांडण ताज्या उत्साहाने पुढे चालवले. आमच्यातला एक वॉटर्सचा. त्याचे म्हणणे, बँड म्हणजे त्याने लिहिलेले शब्द, त्याचा आशय, युद्धात मेलेला त्याचा बाप, त्याचा राग. बाकी सगळी वाद्यांची संगत. दुसरा डेव्हिड गिल्मरचा. त्याचे म्हणणे, शब्द काढून टाकले तरी ते गाणे उरते, आणि उरते तेच खरे. पुढे आशय आणि अभिव्यक्ती यांच्या संबंधावर परीक्षेत निबंध लिहायची वेळ आली, तेव्हा दोघांनाही फारसे वाचावे लागले नाही. अमरावतीच्या एका गच्चीवर त्या वादाची उलटसुलट सगळी प्रमाणे देऊन झाली होती. कीबोर्ड वाजवणाऱ्या रिचर्ड राइटची बाजू कुणी घेतली नाही. तो २००८मध्ये वारला, आणि त्यानंतर जुन्या कॅसेट ऐकताना सगळ्याच्या तळाशी तोच होता हे ऐकू येऊ लागले.

‘द ग्रेट गिग इन द स्काय’ हे मूळ राइटचे गाणे. या एका गाण्यात आमचा वाद लटका पडे, कारण त्यात गाण्याचे शब्दच नाहीत. क्लेअर टॉरी या गायिकेला १९७३च्या जानेवारीत स्टुडिओत बोलावून गाण्याची केवळ मनोवृत्ती सांगितली गेली, आणि तिने पियानोवर निव्वळ स्वर गायले : विलाप, भीती, मग एक थकलेली शांतता. तिला तीस पौंड मिळाले. २००४मध्ये तिने न्यायालयात दाद मागितली, २००५मध्ये तडजोड झाली, आणि तेव्हापासून त्या रचनेवर राइटच्या जोडीला तिचेही नाव लागते. कर्तृत्व कुणाचे, चाल देणाऱ्याचे की त्या क्षणी ती विस्तारणाऱ्या गळ्याचे, हा प्रश्न ख्याल ऐकणाऱ्या समाजाला नवा वाटू नये.

या गाण्याने आमच्या घरांतही एक तडजोड घडवून आणली. तिसऱ्याचे वडील नाट्यसंगीताचे भक्त. आमच्या कॅसेट लागल्या की उठून बाहेर जात. एका दुपारी ते दारातच थांबले. “हे कोन बाई गाऊन रायली?” त्यांनी विचारले. आम्ही सांगितले. ते आत येऊन खुर्चीवर बसले, शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, “एकडाव अजून लाव.” इंग्रजी कळत नसल्याची त्यांना अडचण नव्हती. त्या चार-पावणेपाच मिनिटांत त्या घरात आमच्यापेक्षा तेच अधिक जाणकार होते.

चाहत्याला बँडविषयी काय वाटते याचे वर्णन पुष्कळ होते. बँडला चाहत्याविषयी काय वाटते हे क्वचितच विचारले जाते. ६ जुलै १९७७ रोजी मॉन्ट्रियलच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये गोंगाट करणाऱ्या एका चाहत्यावर वॉटर्स मंचावरून थुंकला. त्या कृत्याने तो स्वतःच हादरला, आणि मंच व प्रेक्षक यांच्यामध्ये भिंत उभारण्याची जी कल्पना त्याला सुचली, तिच्यातून ‘द वॉल’ जन्मला. आमच्या सर्वांत आवडत्या कृतींपैकी एकीच्या मुळाशी आमच्यासारख्याच एका मुलाविषयीची किळस होती. हे वाचून आम्ही दोघे बराच वेळ गप्प होतो. तिसरा म्हणाला, त्याने तसे कधीच केले नसते. त्याने म्हणजे सिड बॅरेटने. तिसरा बॅरेटपंथी होता.

३

सिड बॅरेट हा पिंक फ्लॉइडचा पहिला कवी. १९६७मधल्या पहिल्या अल्बमची बहुतेक गाणी त्याची. त्याच वर्षी त्याचे मन विस्कटत गेले. एलएसडीचा त्यात किती भाग होता याविषयी मते आहेत. मंचावर तो एकाच सुरावर थांबे, किंवा वाजवतच नसे. जानेवारी १९६८मध्ये एका कार्यक्रमाला जाताना इतरांनी ठरवले की त्याला घ्यायला जायचे नाही, आणि ते गेले नाहीत. १९७०मध्ये त्याचे दोन स्वतंत्र अल्बम आले. मग तो केंब्रिजला आईच्या घरी परतला. त्याच्या अभावाभोवती इतरांनी आपले श्रेष्ठ काम उभे केले. आमच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवरचे ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ हे त्याच्यावरचे दीर्घ गीत; त्यात पहिला शब्द यायला आठ मिनिटांहून अधिक वेळ जातो. जून १९७५मध्ये त्याच अल्बमचे काम चालू असताना डोके आणि भुवया भादरलेला एक स्थूल माणूस स्टुडिओत आला, आणि तो बॅरेट आहे हे त्याच्या जुन्या मित्रांना ओळखता आले नाही.

ही कथा तिसऱ्याला तोंडपाठ होती. जगभरच्या चाहत्यांनाही होती. त्यांनी बॅरेटच्या लीळा गोळा केल्या होत्या : तो कुठे दिसला, काय ल्याला होता, कुणाला काय म्हणाला. केंब्रिजमधले त्याचे घर हुडकून लोक दारावर जात, आणि तो दार उघडत नसे किंवा उघडून लगेच लावून घेत असे. प्रतिभा आणि वेड यांचे सोयरे जुळवण्याची हौस साहित्याच्या विद्यार्थ्यांना नवी नाही. आम्हांलाही ती होती. तिसऱ्याने एक संपूर्ण वही त्याच्यासाठी राखली होती.

२०००च्या पावसाळ्यात तिसरा महाविद्यालयात येईनासा झाला. मग कळले की तो रात्री झोपत नाही. मग कळले की कॅसेट बंद असतानाही त्याला कुणाचे तरी बोलणे ऐकू येते. ‘डार्क साइड’मध्ये गाण्यांच्या मागे माणसांची पुटपुट आहे, वॉटर्सने काही प्रश्न लिहून स्टुडिओतल्या लोकांकडून उत्तरे वदवून घेतली होती आणि ती गाण्यांत पेरली होती. आम्ही ती उत्तरे वहीत उतरवली होती. त्यामुळे तो आवाजांविषयी बोलू लागला तेव्हा प्रथम वाटले की तो अल्बमविषयी बोलतो आहे.

एका संध्याकाळी त्याच्या आईने, काकूंनी, आम्हां दोघांना मागच्या अंगणात बोलावले. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “पोट्टेहो, हे याचं येड गाण्याचं हाय का दुसरं काही हाय, तेवढं सांगा मले.”

मराठी साहित्याचे आम्ही त्यानंतर पुष्कळ अध्ययन केले आणि पुष्कळ अध्यापनही. एका शब्दाचे दोन अर्थ वेगळे करून दाखवण्याची इतकी निकराची मागणी आमच्यापुढे पुन्हा आलेली नाही. अर्थच्छटा, व्यंजना, अनेकार्थता या संज्ञा वापरताना आजही ते अंगण डोळ्यांपुढे येते. श्लेष हा अलंकार आहे असे आपण शिकवतो. त्या घरात तो अलंकार नव्हता.

उतारे झाले, गंडे झाले, आणि शेवटी नागपूरच्या एका डॉक्टरांकडे नेणे झाले. निदान स्किझोफ्रेनियाचे होते. डॉक्टरांनी काकूंना दोन गोष्टी सांगितल्या : हे गाण्यांमुळे झालेले नाही, आणि औषध बंद करायचे नाही. पहिली गोष्ट त्यांनी आमच्या देखत पुन्हा विचारून घेतली. औषधांनी आवाज कमी झाले. हात जड झाले. तबला काही वर्षे सुटला.

त्यानंतर बॅरेटच्या कथेतली एकेक जागा आम्हांला वेगळी ऐकू येऊ लागली. त्याला घ्यायला न गेल्याची ती घटना आम्ही बँडच्या इतिहासातली एक अपरिहार्य पायरी म्हणून वाचली होती. आता तिथे एकवीस ते चोवीस वर्षांची चार मुले दिसू लागली. आजारी मित्राचे काय करावे ते कुणाला कळलेले नाही, आणि कार्यक्रमाची वेळ झालेली आहे. अनोळखी झालेल्या त्या स्थूल माणसाच्या प्रसंगातही काही अद्भुत उरले नाही. शरीर फुगणे, चेहरा बदलणे, ओळखीच्या माणसांनी क्षणभर न ओळखणे, हे आमच्या गल्लीतही झाले होते. तिथे त्यावर कुणी गीत रचले नाही; शेजारच्या आजींनी “जाडा झाला रे बापू” एवढेच म्हटले आणि ताक दिले.

२००२मध्ये एम. ए.च्या दुसऱ्या वर्षी म्हाइंभटांचे गोविंदप्रभूंचे चरित्र अभ्यासाला होते. गोविंदप्रभूंचे ऋद्धिपूर अमरावती जिल्ह्यातच, आमच्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर; तिथे आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. त्या चरित्रातला अवतारी पुरुष लौकिक दृष्टीने वेडा आहे. कारणाशिवाय हसतो, रागावतो, कुणाच्याही घरात शिरतो, कुणाच्याही ताटातले खातो. भक्त त्या वागण्याला लीळा म्हणतात. वेडाला दिव्यत्व देण्याची ही रीत पाहून आमच्या मनात बॅरेटचे चाहते उभे राहणे साहजिक होते, आणि पहिल्या वाचनात दोन्ही गोष्टी सारख्याच वाटल्या.

दुसऱ्या वाचनात फरक दिसला. ऋद्धिपूरचे लोक त्याला वेडा म्हणतात, पिसा म्हणतात, आणि त्यालाच माय-बापही म्हणतात. पण त्याशिवाय ते त्याला जेवू घालतात. कुणी तरी त्याच्यामागे असते. कुणी तरी त्याला न्हाऊ घालते, घरी आणते, त्याचा राग सोसते. त्या ग्रंथाची कितीतरी पाने या रोजच्या राबण्याने भरलेली आहेत. आधुनिक वाचक चमत्कार आणि भाषा पाहत ती ओलांडून जातो. वेडाचा महिमा गाण्याचा अधिकार तिथे ताट वाढणाऱ्यांनी मिळवलेला आहे. केंब्रिजच्या त्या दारावर घंटा वाजवणाऱ्यांनी तो मिळवलेला नव्हता. चाहतेपणाविषयी आम्हांला काही सांगायचे असेल तर ते एवढेच, आणि ते आम्हांला तेराव्या शतकातल्या गद्याने आणि एका आईच्या प्रश्नाने शिकवले.

बॅरेट ७ जुलै २००६ रोजी कर्करोगाने वारला. तो साठ वर्षांचा होता. त्यानंतर त्याच्या बहिणीने जे सांगितले ते दंतकथेशी जुळणारे नव्हते. तो चित्रे काढी, बागेत राबे, आणि आपल्या जुन्या प्रसिद्धीची आठवण काढलेली त्याला आवडत नसे. चित्र पूर्ण झाले की त्याचे छायाचित्र घेई आणि चित्र जाळून टाकी. त्याला मानसिक आजार होता हेही बहिणीला मान्य नव्हते. आम्ही त्याविषयी काही ठरवू शकत नाही. मात्र ज्याची वही भरत आली होती असा आमचा समज होता, तो माणूस त्या वहीत नव्हता, एवढे स्पष्ट झाले.

१८ फेब्रुवारी २००७ रोजी रॉजर वॉटर्स मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर ‘डार्क साइड’ संपूर्ण सादर करणार होता. आम्ही बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीने गेलो. तिसऱ्याला विचारले होते. एवढी गर्दी आणि एवढा आवाज नको, असे त्याने सरळ सांगितले. ‘शाइन ऑन’ सुरू झाले आणि पडद्यावर तरुण बॅरेटचे प्रचंड चेहरे उमटले, तेव्हा मैदानभर जल्लोष झाला. सतरा वर्षांच्या आमच्यापैकी प्रत्येकाने त्या क्षणासाठी काय वाटेल ते दिले असते. आम्ही दोघे न ओरडता उभे होतो. दार लावून घेणाऱ्या माणसाचा चेहरा त्याच्या मृत्यूनंतर सात महिन्यांनी चार मजले उंच करून दाखवला जात होता. गाणे तरीही सुंदर होते. ते सुंदर होते ही अडचण आजही सुटलेली नाही, आणि कलाकृतीविषयी शिकवणाऱ्यांनी ती सुटल्यासारखे वागू नये असे आम्हांला वाटते.

आज आमच्या वर्गांत ‘डार्क साइड’चा लोलक छापलेले टी-शर्ट घालून मुले येतात. त्यांतल्या एकाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “सर, हे फिजिक्सवाल्यांचं आहे ना?” आम्हांला वाईट वाटले नाही. त्याला दुसरा कुठला तरी बँड, नट किंवा कवी कुठे तरी भेटलेला असेल. वही करत असेल, किंवा वहीच्या जागी जे काही आता आले आहे ते करत असेल. त्याच्या घरचे कोणता शब्द वापरतात, एवढीच उत्सुकता आहे.

तिसरा अमरावतीतच आहे. घरच्या स्टेशनरीच्या दुकानात बसतो, औषधे चुकवत नाही, संध्याकाळी सहा-सात मुलांना तबला शिकवतो. पिंक फ्लॉइड ऐकत नाही. काकू गेल्या; शेवटपर्यंत रात्रीची गोळी त्या स्वतः मोजून देत असत. हा लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी आम्ही त्याला वाचायला दिला. त्याने तो दुकानात, गिऱ्हाईक नसताना, दोन दिवसांत वाचला आणि पेन्सिलीने दोन खुणा करून परत दिला. पहिली खूण एका परिच्छेदावर होती. तो वगळावा असे त्याने सांगितले. तो वगळला आहे.

दुसरी खूण ‘रूपक’ या शब्दाखाली होती. समासात त्याने लिहिले होते की तेव्हा आपण रूपक म्हणालो हे खरे; पण रूपकाची सम खालीवर असते, आणि या गाण्याची पहिली मात्रा चांगली भरीव आहे. तेव्हा पखवाजाचा तीव्रा म्हणणे अधिक योग्य; मात्रा सातच, विभागही तेच, पण सम भरीची. आम्ही मजकूर बदलू का, असे विचारले. तो म्हणाला, “नका बदलू. दोन्ही राहू द्या.” त्याप्रमाणे दोन्ही पाठ येथे ठेवले आहेत. गाणे आता कुणालाही सहज मिळते. सम कशी पडते ते वाचकांनी स्वतः मोजून पाहावे.